घड्याळाशेजारचं कपाट

अप्पा,

मागच्या आठवड्यात आत्याबाईंना भेटायला हैदराबादला गेले होते. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. गॅलरीत गेले की आत काहीतरी राहिलंय असं वाटतं, म्हणून परत येते, तोवर चहा उतू गेलेला असतो. माझी सगळी नोकरी पेपरात गेली. संध्याकाळी पान छपाईला सोडायचं म्हणजे सोडायचं. मजकूर अर्धा असला तर त्याला शेपूट लावायचं आणि उठायचं, ही सवय हाडात मुरलेली आहे. ही गोष्ट मात्र तशी सुटेना. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुमच्याशी बोलायला हवं होतं तेव्हा आपण दोघंही पाऊसपाण्यावर बोलत राहिलो, आणि आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की फोटोतले तुम्ही माझ्याहून फार मोठे दिसत नाही.

त्या नवरात्रात आपण दोघं हैदराबादला गेलो होतो, तिथून सुरू करते. तेव्हा मी परभणीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जात होते. जात होते म्हणजे एसटी असेल त्या दिवशी जात होते. विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापलं होतं. आज एकांचा बंद, चार दिवसांनी दुसऱ्यांचा मोर्चा. गाड्यांच्या काचा फुटायच्या, कॉलेजच्या फाटकाला कुलूप दिसायचं, आणि रात्री गावातली कुठली वस्ती धास्तीनं जागी राहते हे सगळ्यांना ठाऊक असूनही चावडीवर कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. त्या वस्तीतली माझी मैत्रीण माझ्याबरोबरच कॉलेजला यायची. एकदा पोखर्णीच्या अलीकडं गाडी अडवली आणि आम्ही दोघी फाट्यावर बाभळीखाली बसून राहिलो. ऊन कललं तसे तुम्ही बैलगाडी घेऊन आलात. "बसा गं दोघीबी," एवढंच म्हणालात, आणि गावातून जाताना आधी तिच्या दारापुढं गाडी उभी केलीत. घरी माय वाटच बघत होती. "लोक काय म्हणतील ह्याचं तुमाला काहीच कसं न्हाई?" असं ती म्हणाली, तेव्हा तुम्ही बैल सोडत होतात. "म्हणतील की. तोंड हाय त्यांला," म्हणालात आणि बैलांना पाण्यावर नेलंत.

पण मायच्या मनानं तेव्हापासून घेतलं. "कालेज उघडं असतंय तवा गाडी नसती, गाडी असती तवा कालेज बंद. हे शिकणं हाय का हाल हायत? उजवा आता तिला." हे ती भाकरी थापताना म्हणायची, धुणं वाळत घालताना म्हणायची, आणि तुम्ही हो म्हणायचा नाहीत की नाही म्हणायचा नाहीत. मला तुमच्या त्या गप्प राहण्याची भीती वाटायची. माझं नाव कॉलेजच्या हजेरीत राहणार की लग्नपत्रिकेवर जाणार, हे त्या गप्प राहण्यात कुठंतरी ठरत होतं. तेवढ्यात आत्याबाईंचा सांगावा आला: पोरीला दसऱ्याच्या सुट्टीत घेऊन या, म्युझियम दाखवते. मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले तेव्हा तुम्हीच कबूल केलं होतं की हैदराबादचं म्युझियम दाखवीन. मला वाटलं, आता तुमच्या लक्षात आलं.

मायला येता येणार नव्हतं, घरात घट बसलेले आणि दिव्यापाशी कुणीतरी हवं. निघायच्या दिवशी तिनं माझ्या डोक्याला इतकं तेल चोपडलं की कानामागून ओघळ आले. वेणी घालता घालता म्हणाली, "तिथं खी खी करू नको."

"म्युझियमात कोण हसतंय माय?"

"तरीबी."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्ही पिशवी उचललीत आणि अनवाणीच निघालात. नवरात्राचे नऊ दिवस तुमच्या पायात काही नसायचं. ढेकळांतून, चिखलातून, परभणीच्या बाजारातून तुम्ही तसेच चालायचा आणि आपल्याकडं त्याबद्दल कुणी विचारायचं नाही, कारण निम्मं गाव तसंच चालत असायचं. मीटरगेजच्या त्या गाडीत रात्रभर तुम्ही पाय आकसून बसला होतात, कुणाच्या ट्रंकेखाली बोटं सापडू नयेत म्हणून.

आत्याबाईंच्या दारात पोचलो तर त्यांची पहिली नजर तुमच्या पायांवर. पाणी द्यायच्या आधी त्या आतून चपला घेऊन आल्या. "दादा, पाया पडते तुमच्या, येवढ्या घाला. ह्यांच्याच हायत, नव्या हायत."

"घट बसलेत बाई."

"ठावं हाय मला. आजच्या दिवस."

"आजच का?"

"शहर हाय हे."

"देवीला काय शहर अन् खेडं वेगळं हाय का?"

"देवीला कळतंय हो दादा. माणसांला कळत न्हाई, त्याचं काय करू?"

तुम्ही हसलात आणि चूळ भरायला गेलात. आत्याबाईंनी चपला कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकल्या आणि दिवसभर त्या खांद्याला अडकवून फिरवल्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. पेटीतून मोरपंखी साडी काढली, ठेवणीतली. म्युझियमला साडी कशाला, मी विचारलं. "तिथं साडीबिगर आत सोडत न्हाईत," त्या डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या, आणि मला खरं वाटलं. फाटकापाशी फ्रॉकमधल्या, सलवारीतल्या पोरी आत जाताना बघितल्या तेव्हा मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या तिकिटांच्या रांगेत शिरल्या होत्या.

आधी आपण बागेतल्या लहान म्युझियमला गेलो. मला आठवतंय, तिथल्या पाट्यांवर उर्दू दिसली तसे तुमचे ओठ हलायला लागले. तुमची शाळा निजामाच्या राजवटीतली, उर्दूतली. मराठी तुम्ही नंतर, मोठेपणी, रडतखडत लिहायला शिकलात. गावात ती उर्दू कुणाच्या कामाची नव्हती. इथं भिंती भरून होती. एका खोलीत काचेखाली परदेशातून आणलेलं कुणा मुलीचं प्रेत होतं, हजारो वर्षांपूर्वीचं, पट्ट्यांत गुंडाळलेलं. तुम्ही उर्दू पाटी मोठ्यानं वाचलीत, मग मला म्हणालात, "तुझ्या इंग्रजीत काय लिवलंय?"

"हेच लिहिलंय."

"बरं. मंग खोटं नसंल."

पुढच्या प्रत्येक कपाटापाशी आपण तसंच केलं. तुम्ही उर्दू वाचायचं, मी इंग्रजी, आणि दोन्ही जुळलं की तुम्ही मान हलवायची. तेलुगू पाटी तशीच राहायची. आत्याबाई घायकुतीला आल्या होत्या. "चला वो दादा. मेलेल्या पोरीकडं किती येळ बघायचं? जित्या पोरीचं बघा जरा." आणि लगेच पदर तोंडाला लावून खोकल्या. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलं नाही. आता वाटतं, बघायला हवा होता.

मोठ्या म्युझियमच्या दारात पहारेकऱ्यानं तुम्हाला अडवलं. "चचा, ये मस्जिद-मंदिर नहीं है. चप्पल पैन के आओ, अंदर चलती."

"हैच नहीं तो क्या पैनूं मियाँ?"

"किदर गई?"

"घर पे है. नौ दिन की मन्नत है."

त्यानं तुमच्या पायांकडं बघितलं, भेगांकडं बघितलं आणि हात बाजूला घेतला. "तो फिर संभाल के जाओ. फर्श बहुत थंडा है." तुम्ही त्याला सलाम केलात. आत्याबाई दहा पावलं पुढं जाऊन, आम्ही ह्यांच्याबरोबर नाही अशा उभ्या होत्या.

आत हस्तिदंती खुर्च्या होत्या, तलवारी होत्या, कुण्या बेगमेचे हुक्के होते. माझे पाय चालत होते, डोळे पुरत नव्हते. तुम्ही मात्र आता पाट्या वाचत नव्हता. सारखे मागं वळून दाराकडं बघत होतात. मला वाटलं, पाय गारठले. मी म्हणालेही, "अप्पा, बसू या का?" तर तुम्ही दचकून म्हणालात, "आँ? न्हाई न्हाई, बघ तू. नीट बघ."

मग ते मोठं घड्याळ. तास पडायची वेळ झाली की आतून एक बाहुला येतो आणि घंटेवर ठोके देतो, म्हणून लोक आधीपासून जागा धरून बसलेले. पोरं खांद्यावर, बायका पायऱ्यांवर, सगळ्यांची तोंडं वर. मीही मान वर करून बसले आहे. बाहुला येतो, पहिला ठोका पडतो, आणि मला कसं कोण जाणे, बाजूला बघावंसं वाटतं. तेवढ्या गर्दीत दोन माणसं घड्याळाकडं बघत नाहीयेत. एक जाड काठाच्या रेशमी साडीतली बाई आणि तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक मुलगा. ते माझ्याकडं बघताहेत. मी आत्याबाईंकडं बघते. त्या रेशमी साडीतल्या बाईंकडं बघून मान हलवताहेत. मोरपंखी साडी, तेल, खी खी करू नको, सगळ्याचा एका क्षणात उलगडा झाला. तुमच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठले आणि शेजारी भिंतीला काचेचं एक कपाट होतं, त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. आत बारकी बारकी घड्याळं होती, खिशातली, गळ्यातली. गर्दी पांगली तरी मी तिथंच होते. तुम्ही मागं येऊन थांबलात हे मला वळून न बघताही कळलं. खूप वेळानं तुम्ही हाक मारलीत.

त्यानंतरचं नाटक मात्र बघण्यासारखं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "अगंबाई! तुमी इथं कशा?"

"आमी सहज आलो."

"आमीबी सहजच."

मग सगळे सहज आलेले लोक एकमेकांना नमस्कार करत राहिले. त्या बाईंची नजर खाली गेली आणि तिथंच अडकली. "चपला चोरीला गेल्या का?"

"न्हाई, घट बसलेत," तुम्ही म्हणालात.

"बसतात की आमच्यातबी. पायात असतंय पण."

आत्याबाईंनी पिशवी घट्ट धरली. त्या बाईंनी मला कॉलेजात काय घेतलंय ते विचारलं, भरली वांगी येतात का ते विचारलं, आणि दोन्हीची उत्तरं सारख्याच लक्ष देऊन ऐकली. वाईट नव्हत्या त्या. म्हणाल्या, "तुमच्याकडचं रोज पेपरात वाचतो आमी. पोरीच्या जातीनं कसं जायचं अशात कालेजला? इथं बघा, काही न्हाई. सगळं शांत." तुम्ही "हां, हां" म्हणत होतात.

त्या दिवशी अष्टमी होती, आणि आत्याबाईंच्या घरामागच्या तळ्यावर तिकडच्या बायकांचा बतुकम्माचा सण. दोन्ही घरची माणसं मिळून तिथं गेलो. मला वाटलं होतं काहीतरी मोठी मूर्ती असेल. बघते तर परातीत रचलेल्या फुलांचे मनोरे, आणि फुलं तरी कुठली, तरवड आणि कुरडू. आपल्या बांधावरचं तरवड, आणि आपण ज्वारीतून उपटून फेकतो तो कुरडू, रंगात बुडवून थरावर थर लावलेला. "अप्पा, हे तर आपलं तण," मी म्हणाले. तुम्ही एका मनोऱ्यापाशी वाकून खात्री करून घेतलीत. "तणच हाय," तुम्ही म्हणालात, "पण काय मांडलंय बघ." बायका त्याच्याभोवती टाळ्या देत फिरत होत्या, दिवे लागत होते, पलीकडं कुणी फटाके सोडत होतं. आत्याबाईंनी त्या बाईंना मुद्दाम गर्दीत पुढं नेलं, आणि तो मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. बँकेत नुकताच लागलेला होता. त्याच्या मराठीला हैदराबादचा हेल होता.

"म्युझियम कसं वाटलं?"

"घड्याळ आवडलं."

"मला तर त्याचा कंटाळा आलाय. पाहुणे आले की तेच दाखवायला न्यायचं."

कुठून बळ आलं माहीत नाही, मी म्हणाले, "आतापर्यंत कितीजणींना दाखवलं?"

त्याचे कान लाल झाले. तळ्याकडं बघत म्हणाला, "तुमी दुसऱ्या."

आणि मी हसले, अप्पा. मायनं बजावलं होतं तशीच, खी खी. तोही हसला.

तेवढ्यात तुमच्या पायात बांगडीची काच गेली. तुम्ही "काही न्हाई, काही न्हाई" म्हणत एका पायावर उभे. आपल्याकडं मुलाचे पाय मुलीच्या बापानं धुवायचे असतात, उलटं कुणी ऐकलेलं नाही. तो मुलगा झटकन खाली बसला, तुमचा मातीनं भरलेला पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला, एका दिव्याजवळ सरकून काच काढली आणि रुमाल बांधला. त्याची आई "अरे, अरे, उठ!" म्हणत होती. तुम्ही पाय ओढून घेत होतात. "ऱ्हाऊ द्या बापू, ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात, आणि तो म्हणाला, "हलू नका वो काका, आत जाईल." आत्याबाईंनी तेवढ्यात कागद सोडून चपला काढल्याच. "आता तरी घाला!" तुम्ही रुमाल बांधलेला पाय जमिनीवर टेकवून बघितलात आणि म्हणालात, "नवमी उद्याच हाय बाई. एका दिसासाठी कशाला?" तो मुलगा परत हसला. त्याच्या पांढऱ्या पँटीवर मांडीपाशी तुमच्या पायाचा मातकट छाप उमटला होता.

दुसऱ्या रात्री आपण निघालो. गाडीत तुम्ही रुमाल बांधलेला पाय सांभाळत खिडकीपाशी बसलात. मी झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. दसऱ्याला घरी पोचलो, तुम्ही सीमोल्लंघनाला लंगडत गेलात आणि तिथून परत येताना चपला घालून आलात. दिवाळी झाली. आत्याबाई भाऊबीजेला येऊन गेल्या. मग तुळशीचं लग्न झालं. मायनं वाट बघून बघून एक दिवस विचारलंच, आणि तुम्ही गोठ्यातून म्हणालात, "त्यांच्याकडून काही आलं न्हाई."

माय चार दिवस रुसली आणि मग माझ्यावर घसरली. "हसली असशील तिथं." मी हसलेच होते. त्या थंडीत बंद नसेल त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं जायची आणि शेवटच्या गाडीनं यायची, नाहीतर मैत्रिणीच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची. मला त्या लोकांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बी.ए.ला आम्ही दोघी पास झालो, पुढं मी पेपरात लागले, लग्न झालं, चांगलं झालं. पण कुठल्याही आरशापुढं उभी राहिले की एक क्षण मनात यायचं, त्यांना काय नाही आवडलं? हसणं, तेल, सावळा रंग, की ती भरल्या वांग्यांबद्दल मी जरा जास्तच बढाई मारली ती? कधी कधी तुमच्या पायांवरही खापर फोडलं. हे सगळं इतकं जुनं, इतकं किरकोळ, की कुणाला सांगायचीही लाज. तरी ते गेलं नाही.

आणि मागच्या आठवड्यात आत्याबाई खाटेवर बसून लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "त्या बँकेतल्या पोराचे दोन्ही गुडघे बदललेत म्हणं. नातवंडं झाली त्याला."

मी म्हणाले, "ज्यांनी मला नाकारलं ते?"

त्यांनी लसूण खाली ठेवला. "कुणी नाकारलं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच निरोप आला होता त्यांचा. पोरगी पसंत हाय म्हणून. लय पसंत. दादाच नको म्हणाले."

भाऊबीजेला आल्या होत्या तेव्हा तुम्ही त्यांना विहिरीकडं नेलंत म्हणे. आत्याबाईंनी तुमचा आवाज काढून सांगितलं, त्यांना तो अजून काढता येतो. "बाई, तू बघितलंच न्हाईस. समदी दुनिया त्या बाहुल्याकडं बघून टाळ्या पिटायलती, अन् आपली पोरगी उठून त्या बारक्या घड्याळांच्या कपाटापुढं गेली. एक एक पाटी वाचायलती. हलायला तयार न्हाई. तिला ठावं झालं होतं तिला बघायला माणसं आल्यात, मी बघितलं तिच्या तोंडावर. तरी तिचं ध्यान वस्तूत. असल्या पोरीला मी भरल्या वांग्यापाशी नेऊन बसवू? पोरगा सोन्यासारखा हाय, मला कळत न्हाई का? पण आता न्हाई." आत्याबाईंनी मुलाकडच्यांना पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. आणि तुम्ही त्यांना शपथ घातलीत की मायला सांगायचं नाही, कारण असलं स्थळ हातचं घालवलं हे तिनं तुम्हाला जन्मभर ऐकवलं असतं. तिकडून काही आलं नाही, असंच सांगायचं ठरलं. माय गेली, तुम्ही गेलात, शपथ कुणाची पाळायची हे आत्याबाईंना आता उमगेना, म्हणून त्या दिवशी निघून गेलं तोंडातून.

मला त्याच क्षणी तुमच्याशी भांडायचं होतं. मायपासून लपवलंत ते समजलं, मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी स्वतःत खोट शोधत राहिले. मग वाटलं, सांगितलं असतंत तर मी रुसून बसले असते आणि पुस्तक उघडलंच नसतं. नाकारल्याचा राग होता म्हणून तर पहाटेच्या गाडीला धावत होते. मग वाटलं, एवढा हिशेब तुम्ही केला नसणार, तुम्ही सरळ मायला भ्यायलात. हे सगळं एकामागून एक मनात येतं आणि एकही टिकत नाही. आणखी एक गोष्ट आता कळते. माझं पहिलं लिखाण छापून आलं तेव्हा तुम्ही पेपर घेऊन पोखर्णीच्या बाजारात फिरलात, आणि ज्याला त्याला म्हणालात, "बारकाईनं बघती पोरगी. पयल्यापासून." पुढं घरी कुणी पाहुणा आला की तेच. मला कळायचं नाही तुम्ही हे कुठून काढलंत. मी तर विसराळू, चष्मा शोधत फिरणारी. पण तुम्ही इतक्यांदा म्हणालात की लोकही म्हणायला लागले, संपादकही म्हणाले, आणि कधीतरी मी खरंच बारकाईनं बघायला लागले, कारण सगळ्यांची तशी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना काही न सांगता मी एकटी म्युझियमला गेले. कामानिमित्त कितीदा हैदराबादला जाणं झालं, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. घड्याळ आहे. लोक आता फोन वर धरून बसतात. बाहुला आला, ठोके पडले, आणि मी शेजारच्या कपाटाकडं गेले. तेही आहे. आत घड्याळं आहेत, काही बंद, काहींना काटे नाहीत, एक तर अंगठीत बसवलेलं. मी एक एक पाटी वाचली. इंग्रजी वाचली, उर्दू तशीच राहिली, तुम्ही नव्हता जुळवायला. वाचून संपल्यावर परत पहिल्यापासून वाचली. मागं कुणीतरी "आगे चलो अम्मा" म्हणालं तेव्हा हलले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं आत्याबाईंना नाही, मुलांना नाही, फक्त तुम्हाला सांगते. त्या पाट्या मी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा वाचल्या, अप्पा. त्या दिवशी आत काय आहे हे मला दिसलंसुद्धा नव्हतं. काचेत माझा भांग सरळ आहे का ते मी बघत होते, कानामागचं तेल पदरानं टिपत होते, आणि माझ्या खांद्यामागं तो पांढरा शर्ट दिसत होता, म्हणून हलत नव्हते.